आधी पत्ता पुसावा लागेल

"बाबा, तुमच्या त्या जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रामपायी माझं एक पान धड उघडत नाही. काढा तो!" ती खेकसली होती.

"उद्या काढतो," बाबा म्हणाले, आणि पहाटे झोपेतच गेले.

महिन्याने तो प्रोग्राम काढून घ्यायला त्यांचा लिनक्सचा कॉम्प्युटर घेऊन ती दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक आजोबा आणि त्यांची लेक.

"काढाच हो दादा, बाबांचं हे जाहिराती अडवायचं खूळ!" लेक दुकानदाराला म्हणाली.

"खूळ? जाहिराती बघून तुझ्या आईनं गुडघ्याची किती तेलं मागवली?"

"काढतो, आजोबा," दुकानदार म्हणाला. "पण आधी राउटरमधून याचा पत्ता पुसावा लागेल. नाहीतर हा गेला तरी घरातले सगळे फोन यालाच वाट विचारत बसतील, आणि नेट ठप्प."

"बघ! चालतंय का माझ्यावाचून घर?"

"नाही चालत. कबूल!"

तिची पाळी आली. तिनं कॉम्प्युटर पुढे ठेवून तसाच प्रोग्राम दाखवला.

"तुमचाही काढायचा ना, ताई?"

"नको, राहू द्या." मग कॉम्प्युटरकडे बघत ती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."