मागची तारीख

न्हाई शेषेरावभाऊ, कार्डावर मागची तारीख न्हाई टाकणार मी. चहा घ्या. हाव, अहमदपुरात दुसरं कुणी लिहून देईल — पण तुम्ही माझ्याकडंच आलात ना? लातूरचा डॉक्टर काय म्हणला? वर्षभर चष्म्याचा नंबर हालला नसंल तरच लेझर, मागचं कार्ड आणा. अन् तुमच्या शिल्पाचा हाललाय. आत्ताच मोजला की मी, सहा महिन्यांत पाऊणनं वाढला. अन् पाहुण्यांना बिनचष्म्याची पोरगी पाहिजे, मे महिन्यात लग्न. समजलं. मला हे लई लौकर समजतंय.

माझ्या अर्शियाचंबी असंच. मुखेडचे पाहुणे. पोराची आई म्हणली, सगळं पसंत हाय, तेवढा चष्मा... अन् लेझरनं चष्मा निघून जाईल म्हणून कोण म्हणलं? मीच. सव्वीस साल चष्मे इकून राहिलो हितं, अन् मीच म्हणलं. डॉक्टरनं मागचं कार्ड मागितलं — घरचंच दुकान, कार्डं ह्याच ड्रावरात. नंबर आजचा, तारीख मागच्या सालची. नवंकोरं दिसू नये म्हणून दोन दिवस उन्हात ठेवलं. डॉक्टर बिचारा भला माणूस, त्याला मशीनवर काहीतरी खटकलं, दोनदा विचारलं त्यानं — नंबर थांबलाय ना नक्की? म्हणलं, हाव साहेब. शिक्का होता ना दुकानाचा.

लेझर झालं, पहिलं साल चांगलं गेलं. मग बुबुळ फुगाया लागलं, नंबर थांबायच्या आधीच लेझर केलं ना — आता एका दिव्याचे तीन दिवे दिसतात तिला. माझ्या दुकानातली एकबी काच चालत न्हाई. सगळ्या लावून बघितल्या, ह्याच खुर्चीत. सासरचे वाईट न्हाईत हो, लई जपतात. अन् ती म्हणती, अब्बा, नशीब. नशीब म्हणती! तिला कार्डाचं म्हाईतच न्हाई. कुणालाच म्हाईत न्हाई, डॉक्टरलाबी न्हाई. तुम्हाला कशाला बोललो मी... मला रडूबी येत न्हाई आता. सकाळी येतो, काचा पुसतो, ठेवतो.

हे घ्या कार्ड. नवा नंबर, आजची तारीख. नंबर थांबला की खरं कार्ड देतो, मग करा खुशाल लेझर. अन् पाहुणे थांबत नसतील तर न थांबू द्या. शिल्पा, चष्मा घाल बेटा, पर्समधून काढ तो.

कोण — अर्शिया? आलीस का? थांब, थांब तिथंच, पायरी हाय. माझा हात धर. न्हाई बेटा, कायबी बोलत नव्हतो. गिऱ्हाईक हाय. निघालेच ते.