हसू नका

...नाही हो, गळ्यात नको, कॅमेरा नुसता हातात द्या. हं. वजनाला बरा आहे. आणि दिसायला तर अगदी आमच्या वेळचा की हो — ही वरची चकती, हे चामड्यासारखं खरबरीत, आणि इथं ही फिल्म पुढं ओढायची दांडी — अरे, ही हलत नाही. नुसती शोभेला बसवलीय? वा. म्हणजे आमच्यासारख्यांना भुलवायला. बघा, अंगठा आपसूक गेला माझा तिथं. एकोणचाळीस वर्षांची सवय, अंगठ्याला काय कळतंय आत फिल्म आहे की नाही ते. आणि हा खटका — ऐकलात? हा पण खोटाच असणार, आत कुठंतरी भोंगा बसवला असेल बारीक. असू दे. वरून म्हातारा, आतून तरणा. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी म्हातारपणच आहे. हसा हसा, मला राग नाही. उलट हसाच तुम्ही, माझं त्याच्याशीच काम आहे.

भाच्याला द्यायचाय. म्हणजे — घरात वापरायला हो, असंच. पण मला एक सांगा, याच्यात म्हणे एक सोय असते, समोरचं माणूस हसलं की फोटो आपोआप निघतो, बोट लावायलाच लागत नाही. भाचा म्हणत होता. आहे का याच्यात? शोधा, सावकाश शोधा, मला घाई — म्हणजे घाई आहे तशी, पण तुम्ही शोधा.

तुम्हाला वाटेल, याला बोट लावायला काय झालं, धडधाकट तर दिसतोय. बोट ठीक आहे हो. फोटोवालाच आहे मी. तिकडे कचेरी आहे ना, तिच्या जिन्याखाली माझी खोली — लोक माझ्या डोक्यावरून वर अर्ज द्यायला जातात आणि नाक मुरडत खाली माझ्याकडे येतात, की फोटो चालत नाही म्हणतात, दुसरा काढा. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा — दोरी नसली की कंगवा जातो, माणसं अर्जावर खरी सही करतात आणि जाताना कंगवा नेतात. तर एकोणचाळीस वर्षं माझी एकच पोपटपंची. चष्मा काढा, कान दिसू द्या, हनुवटी खाली, हसू नका. हसलेला फोटो वरच्या खिडकीतून परत येतो, मग ते माणूस माझ्या नावानं शंख करतं. म्हणून समोरचा हसला की माझं बोट खटक्यावरून आपोआप वर जातं. मी नाही उचलत, ते जातं. चटका बसल्यासारखं. धंद्याला चांगलंच होतं ते — आता चांगलं म्हणायचं की काय म्हणायचं.

सापडलं? नाही? त्या खालच्या खुणेत बघा — मला काय कळतंय म्हणा, तुम्हीच बघा.

माझी अक्का आहे. थोरली बहीण. जरा बरं नसतं तिला. जरा म्हणजे — डॉक्टर घरी न्या म्हणालेत. घरी न्या म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल, नसेल तर बरंच आहे. तिला कळलंय सगळं, तिच्यापासून कोण काय लपवणार, मी शाळा बुडवलेली हिला माझ्या चपलांच्या मातीवरून कळायची. तर पडल्या पडल्या म्हणाली, माझा एक फोटो काढ. भिंतीवर लावायला. हो, अशीच बोलते ती, भाजी चिरल्यासारखी. घरात तिचा एकटीचा असा एकच फोटो आहे, तो पण मीच काढलेला, पासपोर्टचा — पासपोर्ट आला, अक्का काही कुठं गेली नाही. त्यात ती अशी बसलीय की बस. म्हणते, पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते मी, तो लावलास तर नातवंडं त्या खोलीत पाऊल टाकायची नाहीत. हसरा हवा. आणि तूच काढायचा. भाचा फोन घेऊन गेला की तोंडावर हात धरते. जगाचे काढलेस, म्हणते, माझा एक काढ नीट.

मग रविवारी गेलो मी माझा मोठा कॅमेरा घेऊन. उशा लावून बसवली, सुनेनं केस विंचरून दिले, खिडकीतून उजेड — उजेड असा सुरेख होता, काय सांगू तुम्हाला. मी डोळा लावला. आणि तोंडातून काय निघावं? चष्मा काढा, हनुवटी खाली, हसू नका. अक्काला! जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं तिला मी अहो-जाहो करतोय, काढा आणि नका. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काढते हो साहेब, अर्ज कुठं द्यायचाय?" आणि जी हसली — पडद्यापलीकडून सून धावत आली, हिला काय झालं म्हणून. डोळ्यांतून पाणी, दात नसलेलं तोंड सगळं उघडं, लहान मुलीसारखी. तोच फोटो होता हो. जो तिला हवा होता तो तोच. आणि माझं बोट वर. चटका बसल्यासारखं वर. खोकला येईपर्यंत हसली ती, चांगली मिनिटभर, आणि मी आपला ती थांबायची वाट बघत उभा. ती थांबली, तोंड मिटलं, हनुवटी खाली आली — तेव्हा दाबलं मी. झकास आलाय. कुठल्याही खिडकीवर चालेल.

म्हणून हे यंत्र. त्याला आपले नियम-बियम माहीत नाहीत, समोर हसू दिसलं की काढ. मी नुसता धरून उभा राहीन. — सापडलं? दाखवा. असा धरायचा? आणि बोट लावायचं नाही, नक्की? बरं, मी तुमच्याकडे धरतो. हसा. — वाजला! बघू. अहो, छान आलाय तुमचा, खळी पण आलीय. आणि माझं बोट बघितलंत? वर होतं. वर असून फोटो आला. एकोणचाळीस वर्षं हा कुठं होता? द्या, हाच द्या. पट्टा नको, पिशवी नको, असाच द्या. आत्ता निघालो तर उजेड असेपर्यंत पोचतो.

काय म्हणालात? हो, हसेल की. म्हणजे — बरोबर आहे तुमचं, आधी तिनं हसायला हवं. तेच आहे. परवापासून हसत नाही ती. औषध वाढवलंय, बराच वेळ झोपेत असते, जागी झाली की भिंतीकडे तोंड. काल मी खूप केलं. माकडचेष्टा केल्या, साठी उलटलेला माणूस मी. काढा, नका, अर्ज, सगळं म्हणून दाखवलं, पण एकदा झालेली गोष्ट दुसऱ्यांदा कुठं होते. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू असं तोंड घेऊन बसल्यावर मी काय हसू? आधी तू हस, मग मी हसते." एवढंच. मी म्हटलं, हसतोय की गं. तर वळली परत भिंतीकडे.

आता हसत होतो की नव्हतो हे आपलं आपल्याला कसं कळायचं? मला वाटतं हसत होतो.

माझ्याकडे कशाला धरताय? नको, मी गिऱ्हाईक, माझा फोटो घेऊन काय — बरं. धरा. तसं बरंच आहे, इथंच कळेल. हं, हसलो. — वाजला नाही? जरा जवळ धरा. दात दिसावे लागत असतील त्याला. हे घ्या दात. — नाही? बिघडला असेल, आत्ता तर चालला होता. द्या इकडे, तुम्ही हसा बरं परत. वाजला. म्हणजे यंत्र चांगलंय. घ्या, पुन्हा माझ्याकडे. थांबा, एक गंमत आठवतो. लहानपणी अक्का मला आंघोळ घालताना डोळ्यांत साबण जायचा, मी रडलो की ती स्वतःच्या डोळ्यांत साबण घालून घ्यायची आणि — आता. आता हसतोय. बघा.

धरून ठेवा, हलवू नका.

अजून नाही?

खाली करा तो, हात दुखेल तुमचा. यंत्राची काही चूक नाही. ठेवून द्या आत, परत तसाच कापडात गुंडाळून. नाही, दुसरा नका दाखवू. मागे त्या बाई मघापासून थांबल्यात, त्यांचं बघा तुम्ही.