सुपाला दोनदा वा

"माणसाची अख्खी लायकी त्याच्या जिभेवर ठरते!" कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी जाहीर केलं. बायकोने त्यांच्या हनुवटीवरची टूथपेस्ट पुसली.

"अहो, जीभ धडधाकट आहे तुमची. डॉक्टरांना दाखवायचंय काय?"

"सुपाच्या कारखान्यात वीस वर्षं चव बघतोय मी. आणि तो परवा लागलेला चाखणारा काल आपल्याकडे जेवायला येतो नि एका घोटात सांगतो, वहिनी, या टोमॅटो सुपात वाळवलेले मश्रूम आहेत!"

"दोनदा वा म्हणाले हो. मन भरलं माझं."

"दिसलं ते. दुसरी वाटी काठोकाठ भरलीस. अगं, त्यात त्याचं काय कर्तृत्व? जिभेवरच्या पेशींवर उमामीचे, म्हणजे त्या खमंग, रसदार चवीचे रिसेप्टर असतात, शिंपल्यासारखे. टोमॅटोतलं ग्लुटामेट आत शिरलं की शिंपला मिटतो. मश्रूममधलं द्रव्य त्याला मिटलेलाच धरून ठेवतं, म्हणून चव कैक पटींनी वाढते. मग पेशी मेंदूला कळवते. झालं!"

"तुमच्या जिभेवर नाहीत का शिंपले?"

"आहेत की! त्याच्याहून जास्तच असतील. तेच तर मोजून घ्यायला आलोय."

"मग वीस वर्षं माझं सूप पिऊन काय करत होते ते?"

"मेंदूला कळवत होते."

"मेंदूने मला कधी कळवलं नाही ते."

तेवढ्यात आतून गृहस्थांचा नंबर पुकारला. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ऐक ना. आज तेच सूप करशील?"

"करीन की."

"आणि त्याला विचारलंस ना, तसं मलाही विचार. कसं झालंय म्हणून."