विभावरीचा आवळा

...नाही, पण मला सांगा, दीड हात उंचीच्या आवळ्याखाली साठ माणसांची पंगत बसवायची, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तुम्हाला सांगतो, मी राजनला तेव्हाच म्हटलं होतं, झाड माझं नाही रे, विभावरीचं आहे! पण राजन आमच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि अध्यक्षाला कान नसतात, नुसतं तोंड असतं. "अरे सुदेश, काही होत नाही!" म्हणे. त्याला काही होत नाही, खरंच आहे. जे काय व्हायचं ते मला होतं!

झालं काय, इथे आखातात आमच्या जवळच्या एका पार्कात मोठा कार्यक्रम होता, 'जंगलाचा वारसा आणि पहिले रहिवासी'. आता वाळवंटात जंगलाचा वारसा... असो, आपण कोण बोलणारे? प्रत्येक समाजाने स्टॉल लावायचा, आपल्याकडची माणसं रानात कशी राहायची, काय खायची ते दाखवायचं. इथल्या लोकांचं खजुराच्या झावळ्यांचं विणकाम, केरळवाल्यांनी तर अख्खी झोपडी उभी केलेली! आणि मीटिंगमध्ये राजनने टेबलावर हात आपटला, "कार्तिक चालू आहे, आवळीभोजन करू या! आवळ्याखाली बसून जेवायचं, याहून रानातलं काय असतं?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, गाढवासारख्या! मग राजनची मान हळूच माझ्याकडे वळली. "सुदेश... तुझ्या बाल्कनीत आवळा आहे ना?"

आहे हो, पण झाड माझं नाही, विभावरीचं आहे! विभावरी म्हणजे माझी बायको. तिने बाजारातल्या आवळ्याची बी फोडून कुंडीत लावली, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घराच्या त्या भाजून काढणाऱ्या बाल्कनीत ओल्या चादरीचा आडोसा करकरून इथले उन्हाळे पार करवले. आईच्या मोतीबिंदूसाठी पुण्याला निघाली, तर एअरपोर्टवर मला काय सांगावं? "अवनी मोठी आहे, ती बघेल स्वतःचं. तू आवळ्याकडे लक्ष दे." रोज व्हिडिओ कॉल येतो आणि पहिलं वाक्य, "झाड दाखव." मला ताप होता तेव्हासुद्धा, "तू जरा बाजूला हो, मागची फांदी दिसत नाहीये!"

आणि तिला न सांगता मी ते झाड पार्कात नेलं! का नेलं? साठ माणसांसमोर नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. पुढच्या सीटवर ठेवलं, सीटबेल्ट लावला, एसी बंद केला, वारा लागायला नको ना! हायवेला रास अल खोरजवळ मागून ट्रकवाले लाइट मारतायत, हॉर्न वाजवतायत, मी बैलगाडीच्या चालीने चाललोय, घाम पुसतोय, आणि मागच्या सीटवरून आमची कन्या अवनी, "डॅड, इट्स अ प्लांट. नॉट अ हार्ट पेशंट." अगं बाई, हार्ट पेशंट मी आहे, पुढच्या आठवड्यात तुझी आई परत येतेय!

तिथं पोचलो, तर पूजा! मंडळाच्या मनालीवहिनी हळदकुंकू घेऊन तयार. एकीने दूध घातलं. ठीक आहे. दुसरीने घातलं. तिसरी म्हणाली, "माझं राहिलं की!" अहो, कुंडी आहे ती, म्हशीची चरवी नाही! मी दोन्ही हात आडवे करून उभा. "बास, बास, झाड माझं नाही हो, विभावरीचं आहे!" तर वहिनी म्हणतात, "भाऊजी, पुण्याच्या कामात आडवं येऊ नये."

त्यात भर दुपारी त्या रोपाची सावली किती? ताटलीएवढी! मग राजनने रांग लावली. एकेकाने यायचं, ताट सावलीत टेकवायचं, एक घास घ्यायचा, "यल्ला, चला, नेक्स्ट!" मसालेभात कुंडीच्या काठाला, बटाट्याची भाजी पानांना, आणि मी प्रत्येकाच्या कोपराकडे बघतोय. सगळे जेवले. मी सोडून!

मग आमचे 'पहिले रहिवासी' आले. खैरुद्दीनचाचा, रत्नागिरीकडचे, इथं नुसती वाळू होती तेव्हा आलेले. त्यांना खुर्चीत बसवलं, हार घातला, माइक दिला. चाचांनी झाडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी आलो तेव्हा इथं झाड नव्हतं बाबांनो. साइटवर ऊन लागलं की आम्ही एकमेकांच्या सावलीत उभे राहायचो. आळीपाळीने." एवढंच.

आणि तिथंच घात झाला! यहया म्हणून पार्कचा साहेब होता, त्याला कुणीतरी ते इंग्रजीत सांगितलं. त्याचे डोळे भरले, त्याने माइक घेतला, "दिस ट्री इज अ पायोनियर! दिस ट्री विल स्टे हिअर!" आणि राजन? "ऑफकोर्स सर! गिफ्ट फ्रॉम महाराष्ट्र!" बघा, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! दुसऱ्या रोपासाठी खड्डा खणलेलाच होता, माणसं कुंडी उचलून निघाली, मी मागून धावतोय, "सर, सर, दिस ट्री इज नॉट माइन!" त्याने मला मिठीच मारली. "यस हबीबी! नाउ इट इज एव्हरीबडीज!"

खलास! मी ओरडणारच होतो हो, तेवढ्यात बघतो तर चाचा गुडघे टेकून बसलेत, दोन्ही हातांनी आवळ्याभोवती माती थापटतायत. मी आपली रिकामी कुंडी उचलून घेतली.

आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल! मी कॅमेरा सरळ झाडाकडे फिरवला, डोळे मिटले. म्हटलं, आता होऊन जाऊ दे. मग बारीक आवाजात विभावरी म्हणाली, "कुंडीत पाय आखडून बसला होता रे बिचारा... किती ऐसपैस वाटतोय." रडत होती ती. मग म्हणाली, "तू जेवलास का?" तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा विचारलं! मीही रडलो. अवनी म्हणाली, "यू गाइज आर सो वीअर्ड."

आता वाटेल, सुटलो. छे! विभावरी परत आली, एअरपोर्टवरून थेट पार्कात. बघतो तर झाडाभोवती कठडा, त्यावर पाटी, 'वारसा वृक्ष. जवळ बसू नये.' घ्या! आवळीभोजनासाठी मानाने लावलेलं झाड, आणि त्याच्याखाली जेवायला मनाई! मी म्हटलं, "चल घरी." ती हलेना. ऊन कलेपर्यंत तशीच उभी. मग म्हणाली, "कठडा झाडाला आहे, सावलीला कुठे आहे?" खरंच की, सावली लांब होऊन कठड्याबाहेर आलेली!

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही डबा घेऊन कठड्याबाहेर बसतो. पण सावली एका जागी थांबते का? घास तोंडात घालतोय तोवर ती पुढे! की विभावरी म्हणते, "सरक." मी ताट सरकवतो. "अजून सरक." सतरंजी सरकवतो, डबा सरकवतो, वरण सांभाळतो... गेल्या शनिवारी ताक वाढलं तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये पोचलो होतो!