गाडी कोण चालवत होतं?

म्हाताऱ्याची चाबी काढून घेतली का जिवाचा घोर मिटला, असं तुमी म्हणून राह्यले न? मंग माह्यं ऐका.

बाबाले पंच्याहत्तरावं लागलं, तवा मीच त्याइच्या हातून जीपची चाबी घेतली. "तुमाले आता नीट दिसत नाही," म्हटलं.

मागच्या दिवाळीआधी बाबाले बाजूले बसवून मी बाजारहत्नूरले निघालो. वाटेत मोबाइल वाजला. मी खाली पाह्यलं अन् बाबा ओरडले, "अरे, समोर पाह्य!" तोवर जीपनं मागून एका सायकलले उडवलं होतं. आमच्याच गावचे शंकरमामा होते, कापूस वेचून घरी चालले होते. त्याइचा पाय मोडला.

आमीच त्याइले दवाखान्यात नेलं. तिथं पोलीस आला. इकडचे पोलीस तेलुगूच बोलतेत; त्यानं तेलुगूत विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

मी बाबाकडं पाह्यलं. बाबा पुढं झाले. "मी," म्हणाले. "माही नजर कमी हाय."

मी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर विचारलं, "बाबा, काऊन असं केलं?"

"तुले अजून लय वर्सं गाडी चालवाची हाय," ते म्हणाले. "माही तं सुटलीच होती."

मामा अजून काठीवरच चालतेत. परवा मामी रस्त्यात भेटल्या. बाबाचं नाव घेऊन म्हणाल्या, "त्याइले दिसत नाही हे तुले ठाऊक होतं. तरी गाडी देली कशी रे?"

मी म्हटलं, "चुकलं, मामी."