सोन्याच्या खाणीतला दगड

एका दगडापायी आमच्या ह्यांनी अख्खं घर पालथं घातलं होतं, ते सांगते. साठ सालानंतरची गोष्ट. जर्मनीत हॅनोव्हरला हे दगडांवर पीएचडी करत होते. प्रोफेसरांनी ऑस्ट्रेलियाहून बोटीने मागवलेला एक दगड ह्यांनी घरी आणला.

"साधा नाही हा," हे म्हणाले. "तिकडे ओसाड लाल माळावर सोनं सापडलं, माणसं धावली, गाव वसलं. सोनं संपलं तसं गाव उठलं. आता तिथं मेंढ्या चरतात. खाणसुद्धा बुजली, त्यामुळे असा दगड पुन्हा मिळायचा नाही."

आणि परत द्यायच्या दिवशीच दगड गायब! ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"अहो, पोलिसांत जायचं का?"

"गप्प बस गं. माझी पीएचडी बुडाली!"

शेवटी जर्मन घरमालकीणबाईंना विचारलं, सोन्याच्या खाणीतला दगड कुठं पाहिलात का.

"जिन्यात पडला होता तो? धुऊन कोबीवर ठेवलाय," त्या म्हणाल्या.

तळघरात गेलो. मोठ्या बरणीत मीठ लावून कोबी आंबत घातलेला, त्यावर लाकडी फळी आणि फळीवर आमचा दगड! माझा जीव भांड्यात पडला. हे उचलायला गेले, तर बाई आडव्या.

"नाइन, नाही! वजन काढलं की कोबी खारपाण्याच्या वर येतो, सगळा नासेल."

मी धावत वर जाऊन माझा वरवंटा आणला आणि फळीवर ठेवला. बाईंनी तो दाबून पाहिला.

"न्या तुमचा दगड," त्या ह्यांना म्हणाल्या. "त्यात नुसतं सोनंच आहे. हा चांगला जड आहे."