तोइवोसाठी एक कॉक

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, हार्डवेअरच्या दुकानात मी पैसे द्यायच्या रांगेत होतो. घरी जायची घाई नव्हती. पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी होत्या. धाकटीच्या ढकलगाडीत लाकडी फळ्या होत्या.

“व्हर्ना, कपडे धुवायचं तळघर नवं करतेस ते ठीक. पण पाण्याच्या मुख्य कॉकपुढची लाकडी झडप कशाला झाकतेस? उद्या गळती लागली तर?”

“एक फळी चुंबकावर बसवणार आहे. मी ओढली की निघेल. तोइवोला मात्र दिसणार नाही.”

“अगं, तुझा नवरा चाळीस वर्षं प्लंबर होता. त्याच्यापासून पाइप लपवणार?”

“काल पाचदा झडप उघडून आतला कॉक फिरवला, पाणी बंद केलं त्याने. म्हणे, थंडीने पाणी गोठून पाइप फुटतील. जुलैचा उन्हाळा आहे म्हटलं, तर माझ्यावरच ओरडला. आणि मी न्हाणीत, अंगभर साबण!”

“म्हणूनच सांगते, त्याला वृद्धाश्रमात ठेव.”

“नाही ठेवणार.”

“हट्टी आहेस.”

“तुझीच बहीण.”

“आणि झडप सापडली नाही म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं तर?”

“त्यासाठी हा लाल कॉक घेतलाय. मशीनशेजारी भिंतीवर बसवणार.”

“कशाला जोडणार?”

“कशालाच नाही. तो बंद करेल, वर येऊन सांगेल. मी म्हणेन, बरं केलंस, वाचलो आपण.”

थोरलीने तो कॉक हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“नुसता ठोकलास तर लगेच ओळखेल तो. वर-खाली हातभर पाइप तरी लाव. थांब, मी घेऊन येते.”